सहवासांक

टँकरमधून आलेल्या दुधाचा नमुना परीक्षानळीत ओतत असताना शाल्मली मंगरुळेचा फोन टेबलावर थरथरला. संदेश कर खात्याचा होता. हातमोजा न काढता तिने करंगळीने पडदा सरकवला.

‘सहामाही सहवास चाचणी. तुमचा सहवासांक : ६३. दांपत्य दर्जा कायम. अभिनंदन.’

तिने नळी स्टँडमध्ये ठेवली आणि संदेश पुन्हा वाचला. त्रेसष्ट. मागच्या खेपेला चव्वेचाळीस होता, त्याच्या आधी बावन्न. तो आणखी उतरायला हवा होता. गेले चौदा महिने ती विट्याला दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती आणि तिचा नवरा निरंजन सोलापूरला होता. मध्ये पावणेदोनशे किलोमीटर. एवढ्या दिवसांत दोघं सहा-सात वेळा भेटले असतील, तेही तास-दोन तास, लोकांदेखत. शेवटच्या भेटीत तर तिने त्याच्याबरोबर चहासुद्धा घेतला नव्हता.

“काय झालं? टँकर परत पाठवायचा का?” पलीकडच्या टेबलावरून उज्ज्वलाताईंनी विचारलं. उज्ज्वला सावर्डेकर प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. छप्पन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या आणि बोलायला तिखट.

“दूध ठीक आहे ताई. आमचा अंक वाढलाय.”

“मग पेढे दे की. लोक अंक वाढावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. “पण वाढला कसा? तू तर इथं आहेस.”

“तेच कळत नाहीये.”

“मशीन चुकलं असेल. चुकायचंच तर कधीतरी माझ्या बाजूनं चुकावं. पॅकिंगचा पाटणकर आणि मी, दोघांना एकच पगार. त्याची बायको घरी असते, म्हणून त्याचा पगार दोघांत वाटला असं धरतात आणि त्याला माझ्या निम्मासुद्धा कर बसत नाही. माझा पगार कुणात वाटायचा? मांजरात?”

या वाक्याला शाल्मली नेहमी हसायची. आज तिला हसू आलं नाही.

दांपत्य विवरणाचा कायदा येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्याआधी कर माणसागणिक असायचा. नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा. नव्या कायद्यात दोघांची मिळकत एकत्र करायची, तिचे दोन सारखे भाग करायचे आणि प्रत्येक भागावर वेगळा कर लावायचा, असं ठरलं. एकजण भरपूर मिळवतो आणि दुसरा थोडं, अशा घरात वरच्या दराचा पैसा सगळा खालच्या दरात उतरायचा. संसार टिकावेत, हा हेतू. एकट्या माणसाकडे वाटून घ्यायला कोणी नव्हतं. तो होता तिथेच राहिला, आणि जोडप्यांना दिलेली सूट भरून काढायला त्याच्यावरचा दर दोनदा वाढला.

पुढे व्हायचं तेच झालं. ‘करापुरता विवाह, भेटण्याची अट नाही’ अशा जाहिराती झळकू लागल्या. पुण्याचा इंजिनियर आणि परभणीची शिक्षिका कागदावर लग्न करायचे आणि पुन्हा एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत. खरा संसार ओळखायचा कसा? शेजाऱ्यांच्या साक्षी विकत मिळत होत्या, फोटो हवे तसे बनवता येत होते. शेवटी उत्तर मिळालं ते माणसाच्या लाळेत.

आपल्या तोंडात आणि आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांच्या जाती सगळ्यांच्या अंगात बहुतेक सारख्याच असतात. पण ज्वारी म्हटली तरी मालदांडी निराळी आणि दगडी निराळी. तसे एका जातीच्या जिवाणूंचेही वाण असतात, आणि कोणाच्या शरीरात कोणते वाण वस्तीला आहेत हे माणसागणिक बदलतं. एका छपराखाली राहणारी माणसं हे वाण नकळत एकमेकांना देत राहतात. उष्ट्या पेल्यातून, टॉवेलातून, उशीतून, श्वासातून. लाळेच्या थेंबातली जनुकं वाचून दोघांत किती वाण सामायिक आहेत, हे यंत्र अर्ध्या तासात सांगायचं. परक्या माणसांचा अंक दहा-बारा यायचा, एका घरातल्या भावाबहिणींचा तीस-पस्तीस. चाळीस आणि त्याच्या वर म्हणजे संसार.

हळूहळू तो आकडा कर खात्यापुरता राहिला नाही. बँका घरासाठी कर्ज देताना तो विचारू लागल्या. मग कोर्टातही नियम झाला : अंक चाळीसच्या वर असेल तर एकट्याने केलेला घटस्फोटाचा अर्ज दाखलच करून घ्यायचा नाही. लग्न दोघांच्या शरीरात जिवंत असताना ते संपलं म्हणणाऱ्या एकाचं ऐकायचं का?

शाल्मली त्या चाळीसच्या खाली जायची वाट पाहत होती.

लग्नातून बाहेर का पडायचंय, हे तिला कुणाला नीट सांगता आलं नसतं. निरंजनने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. तो सोलापुरातला नावाजलेला कर सल्लागार. शांत, नीटनेटका, दिल्या वेळेला हजर राहणारा. तिच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात तो मिरजेच्या दवाखान्यात आठ दिवस तिच्याबरोबर होता. आठव्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि तिच्याकडे बघत म्हणाले, “व्हेंटिलेटर लावायचा का, ते आता सांगावं लागेल.” तिने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शेजारून निरंजन म्हणाला, “नको डॉक्टर. आमचं ठरलंय.”

काहीही ठरलं नव्हतं. कदाचित तीही नकोच म्हणाली असती. पण वडील तिचे होते, आणि ते ‘नको’ तिचं होतं. ती तिथे तशीच उभी राहिली, एक शब्द बोलली नाही, आणि पुढे कित्येक महिने निरंजनपेक्षा तिला स्वतःचाच राग येत राहिला.

विट्याची नोकरी मिळाली तेव्हा तिने नोकरीचंच कारण पुढे केलं. कायमची जातेय, हे सांगितलं नाही. तिला वाटलं, सांगायची वेळच येणार नाही. अंक आपोआप उतरेल, आणि जे आपल्या तोंडून निघत नाही ते यंत्र सांगेल.

आता ते यंत्र भलतंच सांगत होतं.

तिने शुल्क भरून फेरतपासणी मागितली. चौसष्ट आला.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ती आठवणीत मागे मागे जात राहिली. गेल्या काही महिन्यांत तिला काही गोष्टी वेगळ्या जाणवल्या होत्या, त्या तिने एकटेपणाच्या खात्यावर टाकल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला मन एकदम बसायचं, उगाच रडू यायचं, आणि पाचला सगळं पूर्ववत. चहात साखर नकोशी झाली होती. बाजारात ती हटकून कारली उचलायची. आणि हे सगळं कुणाचं, ते तिला अकरा वर्षांच्या संसारामुळे पाठ होतं. दुपारी तीनला ऑफिसचं दार लोटून अर्धा तास अंधारात बसणारा निरंजन. बिनसाखरेच्या चहाचा, कारल्याच्या भाजीचा निरंजन. आतड्यातले जिवाणू मेंदूला काय काय कळवतात, भूक आणि उदासी कशी ढवळतात, यावर तिने कॉलेजात असताना निबंध लिहिला होता. पण आपल्या बाबतीत असलं काही आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

सकाळी कामावर आल्यावर तिने दुधात भेसळ सापडली की जे करतात तेच केलं. आत काय काय आलं, याची यादी लिहिली. पाणी, स्वतः रांधलेलं जेवण, संघातला चहा. आणि माईंची शेंगाचटणी.

माई म्हणजे निरंजनची आई. या अकरा वर्षांत शाल्मलीला त्या घरात कुणी विचारून काही दिलं असेल तर ते माईंनी. आषाढापासून दर पंधरा दिवसांनी एसटीच्या पार्सलमधून त्यांची बरणी यायची; उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसणाचा घमघमाट असलेली चटणी. निरंजनकडून आलेली वस्तू तिने परत पाठवली असती. माईंची बरणी परत पाठवणं तिच्याच्याने झालं नसतं. भाकरीबरोबर रोज चमचाभर चटणी पोटात जात होती.

चव्वेचाळीसचा अंक आला होता तो मे महिन्यात, पहिली बरणी येण्याआधी.

तिने चटणीचा चिमूटभर नमुना निर्जंतुक पाण्यात कालवून काचेच्या तबकडीवर पसरला आणि उबदार कपाटात ठेवला. भाजलेल्या दाण्यांच्या कोरड्या चटणीत जिवंत असं फारसं काही नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं, तर तबकडीवर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी झाली होती.

विरजणाची शुद्धता तपासायला संघाने घेतलेलं जनुक वाचायचं छोटं यंत्र प्रयोगशाळेत होतंच. चाचणीच्या दाखल्यामागे दोघांच्या सामायिक वाणांचे क्रमांक छापलेले असतात. शाल्मलीच्या दाखल्यावर एकतीस होते. तिने यंत्रातून आलेली यादी त्याच्याशेजारी ठेवली आणि पेन्सिलने खुणा करत गेली. एकतीसपैकी सव्वीस वाण चटणीत होते. माणसाच्या तोंडातले, माणसाच्या आतड्यातले.

ती बेसिनकडे धावली. उज्ज्वलाताई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ती सावरल्यावर त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवून तबकडी उजेडात धरली.

“गोठवून सुकवलेत,” त्या म्हणाल्या. “आपली विरजणाची पुडी असते ना, तशी पूड करून मिसळलीय. शालू, हे कुणीतरी अगदी शांत डोक्यानं केलंय.”

रविवारी सकाळी ती सोलापूरला गेली. होटगी रोडवर खाली निरंजनचं ऑफिस आणि वर घर. वर माई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“अगंबाई, कळवायचं तरी! किती वाळलीस बघ की. चटणी खायलीस ना रोज?”

“माई, चटणीत पांढरी पूड कसली घालता तुम्ही?”

माईंच्या बोटांतली पाकळी तशीच राहिली. “औषध आहे म्हणाला ते. तुझ्या पोटाचं. तू नीट जेवेना झालीस म्हणे, आणि त्याच्या हातून घ्यायची नाहीस. पुडी आणून देतो, मी कुटताना घालते.”

“कसलं औषध, विचारलं नाही तुम्ही?”

“विचारलं की.” माईंनी मान खाली घातली. “म्हणाला, यानं शाल्मली घरी येईल. मग पुढचं नाही विचारलं मी. मला तू यायला हवी होतीस गं.”

शाल्मलीने त्यांचा हात हातात घेतला. मग ती खाली गेली.

निरंजन रविवारीही टेबलाशी होता. तिने दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते सावकाश, एखादं विवरणपत्र तपासावं तसे पाहिले.

“सव्वीस,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, वीस-बावीस रुजतील.”

“तू मला तुझी... तू मला काय चारलंस, निरंजन?”

“विष नाही चारलं. माझंच आहे. तुझ्या नवऱ्याचं. बरोबर राहिली असतीस तर नुसत्या श्वासातून गेलं असतं तुझ्या अंगात.” त्याने कागद एकावर एक नीट लावले. “हैदराबादला बनवून देतात. माझ्याकडची एकशेचाळीस जोडपी घेतात ही पूड. कोणी जहाजावर आहे, कोणाची बायको परदेशात शिकते. त्यांनी काय सवलत सोडून द्यायची?”

“ते एकमेकांना विचारून घेतात.”

“तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

हे तो अगदी सरळपणाने बोलला. त्याला खरोखरच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. नकार येणार हे माहीत होतं, म्हणून त्याने प्रश्नच गाळला होता.

“पैशासाठी?” तिने विचारलं.

“पैसा आहेच. पण कर सल्लागाराच्याच घरचा अंक पडला, तर लोक माझ्याकडे कशाला येतील? आणि लग्न मोडायचं नाहीये मला, शाल्मली. तुझ्या मनात काय आहे ते चव्वेचाळीसवरूनच कळलं होतं. तू बोलली नाहीस, मीही बोललो नाही.”

“मी तक्रार करणार आहे.”

“कर. दांपत्य विवरणावर सही दोघांची असते. खोटा अंक सापडला तर गुन्हा दोघांवर. खाद्यपदार्थात जिवाणू मिसळणारं घर म्हटल्यावर दूध संघ तुला प्रयोगशाळेत ठेवेल का, तो विचार तूच कर. आणि चटणी कुणी कुटली, ते आईला कोर्टात सांगावं लागेल.” तो उठला, तिच्यासाठी खुर्ची ओढली. “बस ना. उन्हातून आलीयेस.”

ती बसली नाही. ती तडक बसस्टँडवर गेली. तीन वाजत आले होते, आणि ते ओळखीचं रडू दाटून येत होतं. ते आपलं आहे की त्याचं, हे तिला ठरवता येईना.

त्यानंतर तिने बाहेरचा घास तोंडात घातला नाही. बरणी प्रयोगशाळेतल्या भट्टीत जाळली. जिवाणू मारणारी औषधं घेण्याचा मार्ग बंद होता. अशी औषधं घेतलेल्या माणसाची चाचणी रद्द व्हायची आणि जुनाच अंक पुढे चालायचा. तेव्हा एकच उपाय होता, काही न घेता थांबणं. उज्ज्वलाताई रोज दुपारी स्वतःचा डबा घेऊन तिच्यासमोर बसायच्या आणि तीन वाजले की काहीतरी काम काढून तिला बोलतं ठेवायच्या.

चार महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तिने आपली लाळ आपल्याच यंत्रात घालून पाहिली. एकतीसच्या एकतीस वाण जागेवर होते. वर चटणीच्या यादीतले आणखी तीन.

“कमी का नाही झाले?” तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

उज्ज्वलाताईंनी खिडकीबाहेरच्या दुधाच्या टाक्यांकडे पाहिलं. “दही लागल्यावर परत विरजण घालावं लागतं का, शालू? त्यानं दर पंधरा दिवसांनी पाठवलं, ते लागेपर्यंत. आता त्याला काहीच करायची गरज नाही. तुझं तूच करशील.”

शाल्मली खुर्चीवर बसली. ती म्हणाली, “मी यंत्राच्या भरवशावर राहिले ताई. ते माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं.”

“मग आता तू बोल. नमुना द्यायचा नाही असं सांगितलं तर?”

“नकार दिला तर अंक शून्य धरतात. सवलत जाते, दंड बसतो, मागच्या दोन वर्षांची विवरणं पुन्हा तपासायला काढतात. दोघांचीही.”

“आणि अर्ज?”

“शून्य चाळीसच्या खालीच आहे,” शाल्मली म्हणाली. हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

नकारसुद्धा केंद्रावर जाऊन, अधिकाऱ्यासमोर नोंदवावा लागायचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांना एकच तारीख मिळाली. सोलापूरच्या उन्हात डांबर वितळत होतं. केंद्राच्या पत्र्याच्या मांडवाखाली जोडप्यांची रांग होती. टोकनचं रजिस्टर, सही, आणि शेजारी गार पाण्याचा पिंप, वर कागदी पेल्यांचा ढीग. शाल्मलीने सही केली, टोकन घेतलं आणि सलग दोन पेले पाणी प्याली. दुसरा पेला हातात घेऊनच ती आत गेली.

निरंजन आधीच आला होता. त्याने काडी गालात फिरवून नळीत टाकली आणि बाजूला सरकून तिला जागा करून दिली. खिडकीमागे पन्नाशीच्या एक बाई होत्या, गळ्यात ओळखपत्र, चेहरा दमलेला आणि प्रेमळ.

“बसा ताई. लांबून आलात ना? तो पेला ठेवा इथंच, मी टाकते.”

शाल्मलीने पेला काउंटरवर ठेवला. ती उभीच राहिली. तिने हे वाक्य बसमध्ये पन्नास वेळा घोकलं होतं.

“मला नमुना द्यायचा नाही.”

निरंजनने तिच्याकडे पाहिलं. “शाल्मली, बाहेर जाऊन बोलू या. मॅडम, जरा पाच मिनिटं द्या, आमचं...”

“आमचं काहीही ठरलेलं नाही,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. मागच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. “मी या माणसाबरोबर राहत नाही. मला राहायचं नाही. मला न विचारता माझ्या पोटात जे घातलं त्याचा तुम्ही अंक काढताय. माझा नकार लिहून घ्या.”

बाईंनी मान हलवली. जणू असे नकार त्यांनी बरेच ऐकले होते. त्यांनी पडद्यावर दोन ठिकाणी बोट लावलं. “लिहिला ताई. तारीख, वेळ, सगळं. तुम्ही नाही म्हणालात याची नोंद राहील.”

मग त्यांनी नवे हातमोजे चढवले, काउंटरवरचा कागदी पेला दोन बोटांनी कडेला धरून उचलला, पारदर्शक पिशवीत सोडला आणि पिशवीवर चिकटपट्टी लावली.

“हे काय करताय?”

“एक तारखेपासून नियम बदललाय. नमुना नाकारला तर केंद्रावर जो मिळेल तो घ्यायचा. रजिस्टरवर सही केलीत ना, त्याच्या वरच्या बाजूला छापलंय बघा. बारीक आहे जरा.” बाई ओशाळून हसल्या. “अर्ध्या तासात येईल अंक. मागं पंख्याखाली बसा.”

 निरंजनने तिची सामानाची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली.

शाल्मली काउंटरवरच्या पारदर्शक पिशवीतल्या पेल्याकडे बघत होती. काठावर तिच्या ओठांचा ओला ठसा होता. तोंडी सूचना मिळाली नाही, विचारणा झाली नाही, कुणी आवाजही चढवला नाही. तहानलेल्या माणसाला पाणी दिलं होतं, एवढंच.

तिने हात पुढे करून ती पिशवी उचलली.

“ताई!” बाई उठून उभ्या राहिल्या. “तो नमुना सरकारी आहे. बाहेर नेलात तर गुन्हा लागेल.”

“माझी लाळ आहे ती.”

“पिशवी बंद केली की सरकारची. ऐका माझं, मला वर कळवावं लागेल. शून्य तर लागेलच, वर अटकसुद्धा होऊ शकते.”

“शून्य लावा,” शाल्मली म्हणाली. “बाकीचं मी बघते.”

“वेडी झालीस का?” निरंजन म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता, आणि त्यात राग नव्हता, भीती होती. त्याने तिचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं, त्याच्या खांद्यावरची आपली सामानाची पिशवी काढून घेतली आणि दाराकडे चालू लागली. मागे बाई फोनवर तिचं नाव आणि दांपत्य क्रमांक सांगत होत्या. फाटकापाशी खुर्चीत बसलेला पोलीस आपला फोन कानाला लावून उठत होता. त्याच्यापर्यंत जायला तिला अख्ख्या मांडवाखालून जावं लागणार होतं.

रांग आणखी वाढली होती. म्हातारी जोडपी, कडेवर मूल घेतलेली जोडपी, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभी असलेली जोडपी. उन्हाने सगळ्यांचे चेहरे तांबडे झाले होते. पिंपाभोवती गर्दी होती; पाणी पिऊन माणसं रिकामे पेले शेजारच्या टोपलीत टाकत होती, आणि त्या टोपलीला, आता तिला दिसलं, कुलूप होतं.

“पाणी पिऊ नका,” ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. ती थांबली, पेल्याची पिशवी वर धरली आणि ओरडली, “इथलं पाणी पिऊ नका! पेल्यावरून नमुना घेतात. तुम्हाला न विचारता घेतात.”

काही जण तिच्याकडे बघत राहिले. कुणीतरी हसलं. पोलीस फाटकाशी वाट अडवून उभा राहिला होता.

पिंपाशी एक नवी नवरी उभी होती, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. पेला तिच्या ओठांना लागलेला होता. तिने तो दूर केला, आतल्या पाण्याकडे पाहिलं, मग शाल्मलीकडे पाहिलं. तिला समजलं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मग तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

“पी गं,” तो म्हणाला. “आपल्याला कशाची भीती?”

ती प्याली.